आबांनी तेल पाजलेली मेंडोलीन

माझ्या कपाटावरची मेंडोलीन बघून नवा माणूस हमखास फसतो. नवीन घेतलीत का, म्हणून विचारतो. मी हो म्हणून टाकते. या वयात एवढ्याशा खोट्याचं पाप लागत नाही, आणि खरं सांगायला बसावं तर चहा दोनदा करावा लागतो आणि ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष दाराकडे. ती मेंडोलीन माझ्याहून वयाने मोठी आहे. तिचं तांबूस पॉलिश असं चकचकतं की भांग पाडायला आरसा नको. आमच्या घरात तिच्याइतकी देखणी वस्तू दुसरी नव्हती आणि तिच्याइतकी मुकीही नव्हती. दादाच्या सुनेने ती रद्दीवाल्याला द्यायचं ठरवलं तेव्हा मी तडक जाऊन उचलून आणली. भांडलेच म्हणा ना. आता एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा कुणाला सांगायला नको.

आम्ही लालबागला राहायचो. आबा, आये, दादा आणि मी. आबा मिलमध्ये ऑइलर होते. हातात लांब चोचीचा तेलाचा डबा घेऊन साच्यांच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या, रांगांतून फिरायचं आणि जिथे लोखंड लोखंडाला घासतंय तिथे थेंब सोडायचा, हे त्यांचं काम. साचे एवढे खडखडत असायचे की शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागे, पण त्या गदारोळात कुठला साचा सुकलाय हे आबांना लांबून ऐकू यायचं. घरी आले तरी कान तेच. आमच्या खोलीचं दार कधी करकरलं नाही. मजल्यावरच्या पाळण्यांच्या कड्या, नळाची चावी, म्हाताऱ्या शेजाऱ्याची आरामखुर्ची, सगळ्यांना आबांचं तेल. रविवारी आम्हा दोघांच्या डोक्यावर खोबरेल थापताना सुद्धा त्यांचं तेच वाक्य असायचं, "सुक्यां ऱ्हवलां काय मेलां." सुकं राहिलं की मेलं. आमच्या कोकणातल्या बोलीत इतकं ठासून बोललेलं वाक्य खोटं असू शकतं, असं आम्हाला कधी वाटलं नाही. मी तर पुढे नातवंडांच्या डोक्यावर तेल थापताना तेच म्हणत आले.

दादाचं नाव दामोदर. मिलमध्ये बदली कामगार. सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम, नाहीतर परत. परत फिरलेला दिवस घरी आयेसमोर काढायची लाज वाटायची म्हणून तो पायी गिरगावापर्यंत भटकत जायचा. तिथे गोव्याच्या लोकांच्या एका कूडमध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या राहायच्या जागेत, कायतान मेस्त राहायचे. पूर्वी बॅन्डमध्ये वाजवायचे, आता सांधे धरायला लागलेले, बोटं धड मिटत नव्हती, तरी घरच्या घरी वाजवायचे. दादा खिडकीखाली उभा राहून ऐकायचा. एक दिवस मेस्तनी त्याला आत बोलावलं आणि मेंडोलीन हातात दिली. ती त्यांच्या मामाने बोटीवर नोकरी करताना कुठल्याशा परमुलखातून आणलेली. पोट कलिंगडाच्या फोडीसारखं फुगीर, तारा दोन-दोनच्या जोड्यांनी, आणि वरची फळी उन्हापावसात पडलेल्या होडीसारखी करडी, पॉलिश उडालेली. बघून वाटावं, चुलीत घालावी.

शिकवणीच्या बदल्यात मेस्तना आयेच्या हातचं जेवण जायचं. सुक्या बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, कधी कुळथाची पिठी. डबा मीच घेऊन जायचे दादाबरोबर. मेस्त आधी डब्याचं झाकण उघडून वास घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि मग शिकवायला बसायचे. त्यांच्यापाशी एक नवी मेंडोलीनही होती, कलकत्त्याची, झगझगीत. दोन्ही वाजवून दाखवायचे. नवी टणटण वाजायची, पत्र्यावर खडे टाकावेत तशी. जुनी बोलायची. तिच्या खालच्या सुरात जराशी खरखर होती, तंबाखू खाणाऱ्या म्हाताऱ्याच्या गळ्यासारखी. मेस्त म्हणायचे की ती खरखर आहे म्हणूनच ती मेंडोलीन आहे. लाकूड पुरतं सुकायला माणसाचं एक आयुष्य जातं, सुकलं की मगच ते बोलायला लागतं. बोटं गेली तसे त्यांनी ती दादाला देऊन टाकली, नवी स्वतः ठेवली. देताना म्हणाले, "हाका कांयच लावूं नाका. सुक्या फडक्यान पूस." हिला काहीच लावू नकोस. मी डबा धूत होते मोरीवर, मला ते ऐकू आलं नाही. पुढे कळलं.

आबांना ते वाद्य बघवायचं नाही. तुणतुणं धरलं असतंस तर निदान कुणी भजनात तरी बसवला असता, म्हणायचे. बॅन्डवाले दारू पितात, नाटकवाले उपाशी मरतात आणि तू दोन्ही करणार. दादा खोलीबाहेरच्या गॅलरीत बसून वाजवायचा आणि आबा आत पाठ करून पडायचे. पण कान कुठे पाठ करतात? त्यांना सूर कळायचे नाहीत, खरखर कळायची. दादा खालच्या तारेवर गेला की आबा कूस बदलायचे. एकदा न राहवून म्हणाले की तुझं ते हत्यार सुकलंय. दादा हसला, म्हणाला, आबा, ती तशीच बोलते. बाप-लेकात मेंडोलिनीच्या आवाजावरून तोवर झालेलं हे एवढंच बोलणं.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमच्या भागात दुसरा विषयच नव्हता. नाक्यानाक्यावर सभा, भिंतीभिंतीवर घोषणा, गोळीबारात गेलेल्या पोराच्या घरासमोरून जाताना बायका पदर डोळ्यांना लावायच्या. आये पोलिसांच्या गाडीला बोटं मोडायची आणि मुंबई आमचीच म्हणायची, जणू ती फडताळात ठेवलीय आणि कुणीतरी उचलायला आलंय. चाळीतल्या पोरांनी कलापथक काढलं होतं. डफ, तुणतुणं, पेटी, आणि दादाची मेंडोलीन. शाहिरी करणारा पोरगा आधी नाक मुरडायचा, हे काय लग्नातलं खेळणं आणलंस म्हणून. पण एका संध्याकाळी मैदानावरच्या सभेत ऐन वेळी पोलिसांनी लाउडस्पीकर बंद करायला लावला. माणसं इतकी, की मुंगी शिरणार नाही. शाहिराचा आवाज पहिल्या रांगांपलीकडे जाईना, मागचे लोक चुळबुळायला लागले. दादा एका बाकड्यावर चढला आणि नुसता पोवाड्याचा सूर वाजवायला लागला.

मी बायकांत बसले होते. तो आवाज मी विसरायचे नाही. बारीक, धारदार, आणि खाली ती खरखर. तो डोक्यांवरून सरळ मागच्या भिंतीपर्यंत गेला. लोक गप्प झाले आणि मग सुरावर ओळी म्हणायला लागले, पुढून मागे, मागून पुढे. लाउडस्पीकर लागलाच नाही. मागच्या भिंतीला टेकून आबा उभे होते, हे मला दुसऱ्या दिवशी शेजारणीने सांगितलं. घरी आल्यावर ते दादाशी एक अक्षर बोलले नाहीत. आयेला एवढंच म्हणाले की त्येका जेवूक वाढ, दमलाहा. आमच्या घरात याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली नव्हती.

त्या गर्दीत दादरच्या एका स्टुडिओत वाद्यवृंद बसवणारे एक मास्तर होते. त्यांनी शोधत शोधत मेस्तना गाठलं. त्यांना नेमका तसा आवाज हवा होता, जुन्या लाकडाचा. दसऱ्यानंतर मुलाला पाठवा, म्हणाले, आणि वाद्य तेच हवं. बसला तर कायमचा बसेल. आता हे ज्याने गिरणगाव बघितलंय त्यालाच कळेल. कायमचा म्हणजे गेटवर उभं राहणं संपलं. कापसाचा कण छातीत जाणं संपलं. दादा त्या रात्री जेवताना आपल्या ताटातला बांगडा माझ्या ताटात टाकत होता आणि मी परत त्याच्या ताटात. आबा मान खाली घालून भुरके मारत होते, पण कान आमच्याकडे होते. आयेने देवापुढे नारळ ठेवला.

आणि मग दादा पकडला गेला. पथकातली सगळीच पोरं सत्याग्रहाच्या तुकडीत गेली, तोही गेला. भीती नव्हती, तुरुंगात जाणं तेव्हा लग्नाला जाण्यासारखं होतं, हार घालून पाठवायचे. पण घर रिकामं झालं. आये दोन घास खाऊन ताट सारायची. आबांचं सगळंच बिघडलं. पाळीवरून यायचे आणि गॅलरीत दादाच्या जागेवर बसून राहायचे. खुंटीवर मेंडोलीन लटकलेली, तिच्याकडे बघायचे. नवरात्र बसलं.

मिलमध्ये खंडेनवमीचा सण म्हणजे काय, हे आता कुणाला सांगून पटत नाही. प्रत्येक खात्यात साचे धुऊन पुसून लख्ख, तेलपाणी केलेले, झेंडूचे हार, नारळ. ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार त्या दिवशी कोरडं, मळकं ठेवायचं म्हणजे अपशकुन. घरोघरी सुद्धा तेच. आबांचा तेलाचा डबा, पाना, आयेची विळी, माझी शाळेची पुस्तकं, सगळं पाटावर मांडायचं. आदल्या आठवड्यात आबांनी खुंटीवरून मेंडोलीन काढली आणि म्हणाले, पोराचं हत्यार असं ठेवून कसं चालेल, त्याच्या पोटाचं आहे ते आता.

'त्याच्या पोटाचं' म्हणाले. आयेचे डोळे भरले. माझेही. आबांनी तिला आपलं म्हटलं होतं.

त्यांनी ते काम किती जीव लावून केलं म्हणून सांगू. तारा एक एक सोडवल्या, कुठली कुठे होती ते चुकू नये म्हणून कागदात वेगवेगळ्या गुंडाळल्या. मिलच्या सुताराकडून काचकागद, लाखेचं पॉलिश आणि जवसाचं तेल आणलं. करडी फळी आधी घासून घासून पांढरी केली. फळीला एक भेग होती, तिच्यात सरस भरला. मग कोंबडीच्या पिसाने तेल सोडायला लागले. लाकूड तेल पीत होतं. सोडलं की नाहीसं, सोडलं की नाहीसं. आबा मला जवळ बोलावून म्हणाले, "बघ गो शाले, किती तान लागली हुती तेका." किती तहान लागली होती त्याला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आजारी लेकराला पेज पाजताना आये दिसायची तसे दिसत होते. तेल पिऊन लाकूड धष्टपुष्ट झालं तेव्हा वर पॉलिशचे हात दिले, एकावर एक, मधे वाळवत. सगळा मजला बघायला आला. जो तो तोंडात बोट घालत होता. खंडेनवमीला मी तिला हळदकुंकू लावलं आणि आबांनी तेलाच्या डब्याशेजारी, पाटाच्या मधोमध ठेवली.

दादा सुटून आला. चाळीच्या दारात आयेने भाकरीतुकडा ओवाळून टाकला, पोरांनी खांद्यावर घेऊन जिना चढवला. खोलीत आल्यावर आबांनी धोतराच्या सोग्याने पुसत पुसत मेंडोलीन आणली आणि त्याच्या हातात दिली. दादा तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आनंदाने वाचा बसली. लोक म्हणाले, वाजव रे. त्याने तारा जुळवल्या आणि वाजवली.

मला सूर-ताल कळत नाही, पण मला सुद्धा कळलं. ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा आवाज. जवळच्या जवळ पडणारा. बोटं तीच होती, पोवाडा तोच होता, आणि तो उंबऱ्याबाहेर जाईना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा कान देऊन खालच्या तारा ऐकत होते, आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. "आता कसा," म्हणाले. "खरखर गेली."

दादा म्हणाला, "हो आबा. बरं केलंत."

हे वाक्य बोलताना त्याचा आवाज साधा होता. मी त्याच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं की त्याने मेंडोलीन छातीशी घट्ट धरली होती, पडत असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेस्तकडे गेलो. डब्यात आयेने दसऱ्याच्या घारग्या दिल्या होत्या. मेस्तनी डब्याला हात लावला नाही. त्यांनी मेंडोलिनीच्या पोटावर बोटाच्या पेराने टकटक केलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि छातीवर क्रूस काढला. कोणी केलं, म्हणून विचारलं. आबांनी, असं दादा म्हणाला. म्हाताऱ्याने ती मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "मोगान केलां रे. मोगान केल्लें पुसूंक जायना." मोग म्हणजे प्रेम, एवढं मला कळत होतं. मायेने केलेलं पुसून काढता येत नाही.

तरी त्यांनी प्रयत्न केले. गच्चीत उन्हात ठेवली, खडूची पूड चोळली, ओळखीच्या बेकरीत भट्टीच्या उबेला टांगली. पॉलिश थोडं फुगलं, तेल काही निघालं नाही. एकदा लाकडाच्या पोटात गेलेलं तेल आणि माणसाच्या पोटात गेलेला शब्द सारखाच, बाहेर यायचं नाव नाही. मग दादा तसाच स्टुडिओत गेला. तिथे काय झालं ते त्याने मला पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं. मास्तरांनी ऐकलं आणि विचारलं, मैदानावरची ती हीच का? दादा हो म्हणाला. मास्तरांना वाटलं आपलीच ऐकण्यात चूक झाली. मेस्तची कलकत्त्याची मेंडोलीनही त्याने वाजवून दाखवली. मास्तर चांगले होते, म्हणाले, हात बरा आहे, पण हातवाले पुष्कळ आहेत. भायखळ्याचा एक माणूस घेतला त्यांनी, त्याच्याकडे आजोबांची जुनी होती. दादा मला म्हणाला, "शाले, ते खोटं नव्हते बोलत. माझा हात नुसता बरा होता. आवाज तिचा होता." मी त्याच्यावर चिडले. आबांना का सांगितलं नाहीस, निदान एकदा? तो म्हणाला, सांगून काय, तेल परत डब्यात गेलं असतं?

घरी त्याने एवढंच सांगितलं की स्टुडिओवाल्यांना माणूस नको होता. आबा खूप रागावले. एवढी तयार करून दिली तरी नाही घेतलं, लबाड लोक, म्हणाले. आठवडाभर दादाला खरवस काय, मुडदुशे मासे काय, आयेकडून करवून खायला घालत होते. मग दादा पुन्हा गेटवर उभा राहायला लागला. आबांनीच खटपट करून पुढे त्याला साचेखात्यात कायम लावून घेतलं. कायमचा झाला तो. ज्या कापसातून सुटायचं होतं त्यातच.

राज्य मिळालं त्या दिवशी सगळं लालबाग रस्त्यावर होतं. गुलाल, ढोल, लेझीम, पेढे. आबा खालून ओरडले की दामू, काढ ती. दादाने काढली आणि गर्दीत उभं राहून वाजवली, हसत हसत वाजवली. ढोलांत कुणाला काहीच ऐकू येत नव्हतं. मी त्याच्या शेजारी होते, मलाही नाही. आबा समोर उभं राहून तिच्या तालावर मान डोलवत होते. आम्हाला हवा होता तो महाराष्ट्र आला, मुंबई आमची राहिली, आणि सकाळी भोंगा झाला तेव्हा दोघं बाप-लेक डबे घेऊन गेटवर गेले. तेव्हा मला त्यात वाईट काही वाटलं नाही. आता ती मिलही नाही, तिथे काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत आमच्यातलं कुणी राहत नाही.

दादाचा नातू अमेरिकेत असतो. त्याने मागे फोनवर मला एक गंमत दाखवली. तिकडच्या डोंगरी भागातले लोक जमून भराभर गाणी वाजवतात, ब्लूग्रास की काय म्हणतात त्याला, आणि सगळ्यांची नजर जुन्या मेंडोलिनीवर. नातू म्हणाला, आजी, हे लोक शंभर वर्षांच्या जुन्या मेंडोलिनीसाठी वेडे होतात, आणि तिच्या पॉलिशला बोट लावू देत नाहीत, नवं पॉलिश दिलं की संपली म्हणतात. मग फोनमधल्या एका दाढीवाल्याने वाजवली. बारीक, धारदार, आणि खाली ती खरखर. मी त्याला फोन बंद कर म्हटलं. पोराला वाटलं, आजीला आवाजाचा त्रास होतो.

सगळ्यात शेवटचं सांगायचं राहिलं. आबांनी दर खंडेनवमीला तिचं तेलपाणी केलं. दर वर्षी न चुकता. आणि दर वर्षी दादा स्वतः तारा सोडवून तिला त्यांच्या पुढ्यात ठेवायचा. पहिल्यांदा मी त्याचा हात धरला होता, त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी सोडला. शेवटच्या वर्षी आबा अंथरुणाला खिळलेले. छाती कापसाने भरलेली, श्वास लागलेला. हात थरथरत होते म्हणून दादाने त्यांचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून पीस फिरवलं. तेल आता लाकूड पीत नव्हतं, वरच्यावर पसरत होतं. आबांनी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि दादाला म्हणाले, "हेका मी कधी खरखर येवक दिलंय नाय हां."

दादा म्हणाला, "नाय आबा. कधीच नाय."